दोन याद्या

शारजात नदी नाही.
माझ्या खेडला आहे. तिचं नावच जगबुडी,
म्हणजे तिनं आधीच सांगून ठेवलेलं असतं.
इथं कुणी सांगितलं नव्हतं.
एका दुपारी आभाळ काळं झालं
आणि दुसऱ्या सकाळी अबू शगारात
गाड्यांची नुसती टपं दिसत होती,
पालथ्या घातलेल्या थाळ्यांसारखी.

मी बलदियेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत,
पंपांचा हिशेब ठेवतो:
किती टँकर, किती खेपा, किती उपसलं.
चौथ्या दिवशी खल्फानसाहेबांनी मला होडीत बसवलं.
"मुनाफ, तुला सगळ्यांच्या भाषा येतात."
सगळ्यांच्या नाही येत.
पण नाही म्हणण्याइतकी होडीत जागा नव्हती.

समोर लिजी, धर्मादाय संस्थेची.
गळ्यात परवाना, प्लास्टिकमध्ये घातलेला,
पायात आमच्या गोदामातले गमबूट, अकरा नंबरचे.
तिला सहा लागतात. आत वर्तमानपत्र कोंबलेलं.
बूट बलदियेचे, भात संस्थेचा,
होडी अग्निशमन दलाची,
वल्हं कुणाचं ते आता कुणी विचारत नव्हतं.

आधीचे दोन दिवस हेच विचारण्यात गेले होते.
कुणाचा शिक्का, कुणाची सही,
कुठली गल्ली कुणाच्या वाट्याला.
एका इमारतीला तीनदा बिर्याणी पोचली,
मागच्या गल्लीला रात्रभर
मोबाइलच्या उजेडात हात हलवावे लागले.

मग दोन्ही याद्या एकाच गुडघ्यावर आल्या.
साहेबांची यादी इमारतींची:
मीटर नंबर, करारनामा, भाडेकरू.
लिजीची यादी पेन्सिलीची:
कुणाला साखर आहे, कुणाला नववा लागलाय,
कोण दोन दिवस फोन उचलत नाही.
एकीला दारं ठाऊक,
दुसरीला दारामागचं.

खोली चारशे दोन.
साहेबांच्या कागदावर चार.
लिजीच्या कागदावर एकोणीस.

मला ती खोली न बघता दिसली.
प्लायवूडच्या भिंती, पडद्याआड पलंग,
पलंगावर पलंग, एकाची रातपाळी संपली
की त्याच उबेत दुसरा आडवा.
शारजातली पहिली दोन वर्षं
मी अशाच एका खोलीत अकरावा होतो,
आणि करारात नव्हतो.

"एकोणीस काय?" साहेबांनी अरबीत विचारलं.
लिजीनं पेन्सिल मुठीत घेतली.
तिला अरबी येत नाही, पण आकडा कळला.
भाषांतर माझ्याकडे होतं.
मी म्हटलं, "लिटर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मग वर, चौथ्या मजल्याकडे,
जिथं एकाच खिडकीतून
मोजता येऊ नयेत इतके हात बाहेर आले होते.
बराच वेळ पाहिलं.
"या उन्हात एकोणीस पुरायचे नाहीत," ते म्हणाले,
आणि शाईनं लिहिलं: अडतीस.

दोरीला बादली बांधून खाली सोडली गेली.
वर जाताना ती तीनदा भिंतीवर आपटली,
प्रत्येक वेळी वरून एक वेगळी शिवी आली,
तीन देशांची. कुणीच रागावलं नाही.
गुल रहीम, आमचा टँकरवाला,
कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मोजत होता.

ऑगस्टात तपासणीवाले आले.
कुणी पाठवले, मला ठाऊक नाही; साहेबांनाही मी विचारलं नाही.
प्लायवूड निघालं. चारशे दोनमध्ये
आता करारापुरते चारच.

वही माझ्या खणात आहे.
पाणी: अडतीस लिटर. खाली दोन सह्या,
एक शाईची, एक पेन्सिलीची, ओलीनं पसरलेली.

काल लिजीचा फोन आला.
तो साखरवाला, त्याची इन्सुलिन माझ्या फ्रीजमध्ये राहिलीय,
कुठं गेला ते बलदियेला ठाऊक असेल?
बलदियेला ठाऊक नाही, म्हटलं.
आणि मग, फोन ठेवायच्या आधी,
अजमानला एक खोली आहे, बघून येतो.